हॉटेलातला मागचा जिना आणि त्याच्या दाराची साखळी

रातवा

मागच्या आठवड्यात कामासाठी एका हॉटेलात दोन रात्री राहिलो. सहावा मजला. मला एक खोड आहे. खोलीत बॅग टाकली की आधी बाहेर येऊन मागचा जिना शोधायचा. घरी याला 'साहेबांची पाहणी' म्हणतात. तर कॉरिडॉरच्या टोकाला पाटीवरचा हिरवा पळणारा माणूस, दिवा चालू, बाण बरोबर दिशेला, जाड लोखंडी दार. आणि दाराच्या दोन्ही हँडलमधून सायकलला लावतात तशी साखळी ओवून कुलूप.

रिसेप्शनवरचा मुलगा नम्र होता. म्हणाला, "सर, किल्ली इथेच असते. काही झालं तर आम्ही लगेच येऊन उघडतो."
मी म्हटलं, सहा मजले चढून?
"लिफ्ट आहे ना सर."

यावर मला काहीच सुचलं नाही. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर अग्निसुरक्षेचा दाखला फ्रेममध्ये लावलेला. मुदत संपलेली नाही, शिक्का ठसठशीत. म्हणजे कोणीतरी येऊन, पाहून, सही करून गेलं होतं.

तर प्रश्न असा: हे नियम नेमके कोण तपासतं आणि कधी? आणि आपल्यासारख्या दोन रात्रींच्या पाहुण्याने असं काही दिसल्यावर करायचं काय? खोली बदलून काय उपयोग, दार सगळ्या मजल्यांचं बंद.

मोरपीस

"लिफ्ट आहे ना सर" हे कीचेनवर छापून घ्या.

शेवटचा_डबा

अकरा वर्षं ड्यूटी मॅनेजर होतो, आता त्या धंद्यात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

साखळी का लावतात? तीन कारणं. मागच्या जिन्याने बिल बुडवून जाणारे, मागच्या जिन्याने नोंद न केलेली माणसं आत आणणारे, आणि मागच्या जिन्यात विडी ओढत बसणारा आपलाच स्टाफ. तिन्ही रोज घडणाऱ्या गोष्टी. आग रोज लागत नाही. मॅनेजरला रोजच्या गोष्टीबद्दल बोलणी बसतात, त्यामुळे कुलूप रोजच्या गोष्टीवर पडतं.

आता तपासणी. आमच्याकडे बहुतेक वेळा आधी फोन यायचा. फोन आला की हाउसकीपिंगला एकच निरोप: "जिना मोकळा करा." मग जिन्यातल्या जुन्या गाद्या, मोडक्या खुर्च्या, चादरींच्या ट्रॉल्या गच्चीवर. साखळ्या माझ्या ड्रॉवरमध्ये. साहेब येणार, दार ढकलणार, दार उघडणार, साहेब खूष. संध्याकाळी गाद्या परत खाली, कारण पाऊस आला तर भिजतील. साहेबांनी खोटं काही लिहिलं नाही हो, त्यांनी जे पाहिलं ते त्या दिवशी खरंच तसं होतं.

आग विझवायच्या सिलिंडरचंही तेच. टॅग बदलायला माणूस यायचा. साठ सिलिंडर, दोन तासांत काम फत्ते. टॅग नवा, सिलिंडर तोच. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन गंजलीय का, नळी उंदराने कुरतडलीय का, हे बघत बसला असता तर दोन तासांत झालं नसतं.

धूरकट

आमच्या मजल्यावर तो सिलिंडर दाराला अडसर म्हणून ठेवला होता. आपोआप बंद होणारं फायर डोअर सारखं बंद होतंय म्हणून. एका दगडात दोन नियम.

बंबवाला

अग्निशमन दलातून निवृत्त. रातवा, पहिल्यांदा तुमच्या खोडीबद्दल अभिनंदन. ती सोडू नका.

किल्ली खाली असते हे उत्तर मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की मोजदाद नाही. किल्लीवाला माणूस धूर दिसला की सगळ्यात आधी बाहेर पडतो. त्याला मी दोष देत नाही, तोही माणूस आहे. चूक त्याच्या हातात किल्ली देणाऱ्याची.

आणि साखळीला पर्याय आहे, जुना आहे. पॅनिक बार म्हणतात. दारावर आडवी दांडी, आतून अंगाने रेटली की उघडते, बाहेरून उघडत नाही. वर बझर लावा, कोणी विनाकारण उघडलं की रिसेप्शनला कळेल. बिल बुडव्याही सापडेल आणि माणसंही वाचतील.

लोकांना वाटतं आगीत माणूस भाजून मरतो. हॉटेलात बहुतेक वेळा धूर मारतो. गादीतला, सोफ्यातला फोम जळला की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड निघतं. दोन-चार श्वासांत माणसाला दिशा कळेनाशी होते. एकदा आम्ही धुराने भरलेल्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला हात लावून चाललो होतो. टॉर्च छातीशी धरलेला, त्याचा उजेड मला माझ्याच हातमोज्यावर दिसत नव्हता. दारं हाताने मोजत गेलो. एका दारापाशी एक गृहस्थ सापडले, जिन्यापासून तीन पावलांवर. ते विरुद्ध दिशेला तोंड करून पडले होते. म्हणून सांगतो, खोलीपासून जिन्यापर्यंत मध्ये किती दारं आहेत ते मोजा. डोळ्यांवर विसंबू नका.

खिडकीतला

काका, हे वाचून अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

टेक्निकल_अण्णा

बंबवाल्यांच्या धुराच्या मुद्द्याला इतिहासातला दाखला. लास व्हेगासचं एमजीएम ग्रँड हॉटेल, २१ नोव्हेंबर १९८०. आग तळाशी, एका बंद असलेल्या रेस्टॉरंटमध्ये, शीतपेटीच्या वायरिंगपाशी लागली. ८५ माणसं गेली. त्यातली बहुतेक आगीपासून कितीतरी मजले वर, ज्वाळा न बघता. धूर जिने, लिफ्टच्या विहिरी आणि इमारतीच्या सांध्यांतून वर चढला.

आता मजा बघा, म्हणजे मजा नाही. जिथे आग लागली तिथे छतातून पाणी सोडणारे स्प्रिंकलर नव्हते, कारण ती जागा चोवीस तास माणसांनी गजबजलेली असते, आग लागली तर कोणाला तरी दिसेलच, अशी सूट मिळाली होती. पुढे ते रेस्टॉरंट रात्री बंद व्हायला लागलं. सूट तशीच राहिली. तेव्हा धागाकर्त्यांच्या "कोण तपासतं" या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा की कागदावरची जागा आणि आजची जागा एकच आहे का. दाखला मिळाला तेव्हा मोकळी असलेली गच्ची आज काय झालीय? दिल्लीत करोल बागेत १२ फेब्रुवारी २०१९ ला हॉटेल अर्पित पॅलेस जळलं, १७ बळी. दाखला होता. गच्चीवर शेड घालून बांधकाम होतं, कॉरिडॉरला लाकडी पॅनेलिंग होतं. पॅनेलिंग छान दिसतं हो, प्रश्नच नाही.

पायवाट

सगळ्यांनी हॉटेलवाल्याला झोडपून झालं असेल तर दुसरी बाजू मांडतो. माझं अठरा खोल्यांचं लॉज आहे, वडिलांनी घेतलेली जुनी इमारत. जिना एकच. दुसरा बांधायला जागा नाही, शेजारी दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत. तुम्ही म्हणाल बंद करा. करतो, घर कोण चालवणार?

तपासणीला येणारा पहिला म्हणाला, दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं. बदललं. दुसरा आला, म्हणाला बाहेर उघडलं की बोळ अडतो, आत करा. हे दोघे एकाच खात्यातले. मी दोघांनाही चहा पाजला. मोठ्या हॉटेलांकडे फक्त हीच कामं करणारा अधिकारी असतो. माझ्याकडे मीच रिसेप्शन, मीच प्लंबर, मीच फायर ऑफिसर.

मोरपीस

पायवाट, दोघांना एकाच दिवशी बोलवा आणि आपण दारात उभे राहा.

बंबवाला

पायवाट, तुमचा राग खरा आहे, आणि एकाच दाराबद्दल दोन मतं देणारे माझ्याच खात्यातले होते हे मला बोचतं. पण एकच जिना असला म्हणून हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. एकमेकांना जोडलेले स्मोक डिटेक्टर, म्हणजे तळाला एक वाजला की सगळ्या खोल्यांत वाजेल. प्रत्येक खोलीचं दार जड आणि आपोआप बंद होणारं. जिन्याभोवती दारं, म्हणजे जिना धुराडं होणार नाही. जिन्यात एकही वस्तू नाही, मीटरबॉक्ससुद्धा नाही. आणि रात्री एक माणूस जागा. झोपलेला वॉचमन धरत नाही.

टेक्निकल_अण्णा

"जिना धुराडं होणार नाही" हे अधोरेखित करा. अटलांटाचं वाइनकॉफ हॉटेल, ७ डिसेंबर १९४६. पंधरा मजले, जिना एकच आणि तोही उघडा. हॉटेलची जाहिरात काय होती? पूर्णपणे अग्निरोधक. आणि ती खोटी नव्हती! इमारतीचा सांगाडा उभाच राहिला, पुढे दुरुस्त होऊन आजही तिथे हॉटेल चालतं. आतली ११९ माणसं मात्र गेली, तिथेच राहणाऱ्या मूळ मालकासकट.

अर्धवट_वकील

मालकासकट हे वाचून थांबलो. म्हणजे त्या माणसाचा खरंच विश्वास होता.

धूरकट

अण्णा, मग स्प्रिंकलर असले की प्रश्न मिटला का? मला तर भीती वाटते, कोणी सिगरेट ओढली की सगळं हॉटेल भिजणार.

टेक्निकल_अण्णा

हा सिनेमाने करून ठेवलेला घोळ. स्प्रिंकलरला धूर कळत नाही, उष्णता कळते. त्याच्या तोंडाशी काचेची छोटी नळी असते, आत द्रव. लाल नळी साधारण ६८ अंशांना फुटते, स्वयंपाकघरात जास्त तापमानाची, हिरवी ९३ ची लावतात. जिथली नळी फुटली तिथलंच पाणी सुटतं, बाकीचे ढिम्म. बऱ्याच आगी एक-दोन स्प्रिंकलरवरच आटोक्यात येतात.

पण पाणी यायला पंप चालू हवा. पंपघरात गेलात तर पॅनेलवर एक स्विच बघा: ऑटो, ऑफ, मॅन्युअल. कुठेतरी पाइप गळत असतो, दाब उतरतो, छोटा जॉकी पंप दर दहा मिनिटांनी सुरू होतो, ऑपरेटर वैतागतो आणि स्विच ऑफवर. गळती शोधण्यापेक्षा ते सोपं. पाहणीच्या दिवशी ऑटो. पाचव्या मजल्यावरचा चकचकीत स्प्रिंकलर त्या स्विचच्या जिवावर टांगलेला असतो आणि पाहुण्याला तो कधीच दिसत नाही.

शेवटचा_डबा

स्प्रिंकलरवरून आठवलं. एका पाहुण्याने इस्त्री केलेला कोट हँगरसकट स्प्रिंकलरला अडकवला. नळी फुटली. आधी काळंकुट्ट, कुजका वास येणारं पाणी, मग स्वच्छ. कोट, गादी, गालिचा, खालच्या खोलीचं छत, सगळं गेलं. साहेब म्हणाले, "तुम्ही तिथे हूक दिला होता." हूक!

आणि डिटेक्टरवर शॉवर कॅप चढवणारे तर दर आठवड्याला. आम्हीच फुकट देतो ती कॅप.

खिडकीतला

मी चढवलेली आहे. कॉलेजात असताना. लाज वाटते आता.

मोरपीस

चला, धाग्याला आरोपी मिळाला.

सावळी

सगळे यंत्रांबद्दल बोलताय, मला माणसांबद्दल सांगायचंय. गेल्या वर्षी एका हॉटेलात रात्री दोनला अलार्म झाला. मी आणि मुलगी चपला घालून जिन्याने खाली आलो. अख्ख्या हॉटेलातून नऊ जण खाली! बाकीच्यांनी रिसेप्शनला फोन केला, "हे बंद करा, झोपायचंय." आणि रिसेप्शनने खरंच बंद केला, कारण शोधण्याआधी. पाच मिनिटांनी लाउडस्पीकरवर "फॉल्स अलार्म, सॉरी." तोवर कोणीही वर जाऊन पाहिलं नव्हतं, मी तिथेच उभी होते. वर जाताना लिफ्टमध्ये एक बाई मला म्हणाल्या, "तुम्ही घाबरलात वाटतं." मी ओशाळले. आता राग येतो की मी का ओशाळले.

टेक्निकल_अण्णा

सावळी, तुम्ही बरोबर होता. जपानमध्ये कावाजी प्रिन्स हॉटेल, २० नोव्हेंबर १९८०, म्हणजे वर लिहिलेल्या एमजीएमच्या आदल्याच दिवशीची तारीख. घंटा वाजली आणि कर्मचाऱ्यांनी 'चाचणी आहे' असं सांगितलं. ४५ माणसं गेली, त्यात सहलीला आलेली वयस्कर मंडळी बरीच. तेव्हापासून माझा नियम: घंटा वाजली की आधी बाहेर, खरी-खोटी मग ठरवू.

अर्धवट_वकील

अवांतर: तो हिरवा पळणारा माणूसही जपानचाच. १९७२ मध्ये ओसाकात सेन्निची डिपार्टमेंट स्टोअरला आग लागून ११८ माणसं गेली. धुरात अक्षरं दिसत नाहीत, चित्र हवं, हा विचार अशा आगींतून पुढे आला आणि युकिओ ओता या डिझायनरने त्या माणसाला आजचं रूप दिलं. १९८०च्या दशकात तो आंतरराष्ट्रीय झाला. अमेरिका मात्र बऱ्याच ठिकाणी अजून लाल अक्षरांवरच अडून आहे.

धूरकट

तो पळतोय ते बरंय, पण त्याच्या दाराला कुलूप आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

पायवाट

अण्णा, इतकी माहिती आहे तर हेही सांगा, अंमलबजावणी कुठे नीट झाली? का सगळीकडे हेच?

टेक्निकल_अण्णा

दोन प्रकार मला आवडतात, दोन्हींना भोकं आहेत.

जपानने कावाजीनंतर, १९८१ मध्ये, 'तेकी' नावाची खूण सुरू केली. नियमांत बसणाऱ्या हॉटेलने ती दर्शनी लावायची, पाहुण्याला आत शिरतानाच कळावं. पण फेब्रुवारी १९८२ मध्येच टोकियोचं हॉटेल न्यू जपान जळलं, ३३ मृत्यू. अग्निशमन खात्याने वारंवार बजावूनही मालकाने स्प्रिंकलर पुरे बसवले नव्हते. मालक तुरुंगात गेला खरा, पण खटला सर्वोच्च न्यायालयात संपेपर्यंत १९९३ उजाडलं. ती खूण २००३ मध्ये बंद केली आणि २०१२ मध्ये फुकुयामाच्या हॉटेलात सात जण गेल्यावर २०१४ मध्ये पुन्हा आणली.

दुसरा प्रकार अमेरिकेचा. पोर्तो रिकोतल्या सान हुआनच्या ड्यूपॉन्ट प्लाझा हॉटेलला १९८६ च्या ३१ डिसेंबरला आग लावली गेली, नव्वदहून अधिक मृत्यू. त्यानंतर १९९० मध्ये कायदा झाला. त्यात हॉटेलांना दंडाची धमकी नाही, सरकारने स्वतःच्याच खर्चाला अट घातली. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुक्कामाचा पैसा यादीतल्या हॉटेलांकडे जावा. यादीत यायचं तर प्रत्येक खोलीत थेट विजेवर चालणारा स्मोक डिटेक्टर, आणि तीन मजल्यांहून उंच असेल तर स्प्रिंकलर. एवढी मोठी गिऱ्हाइकी जाणार म्हटल्यावर हॉटेलवाल्याला हिशोब आपोआप कळतो.

अर्धवट_वकील

आणि भोक सगळ्यात मोठं कुठे पडतं ते तुर्कस्तानात दिसलं. कार्तालकायाचं स्की हॉटेल, २१ जानेवारी २०२५, पहाटे साडेतीनचा सुमार, शाळांच्या सुट्ट्या. ७८ माणसं गेली. लोक चादरी बांधून खिडक्यांतून उतरत होते. दुसऱ्या दिवसापासून वाद काय, तर तपासायचं कोणी. पर्यटन मंत्रालय म्हणे नगरपालिकेने, नगरपालिका म्हणे हॉटेल आमच्या हद्दीबाहेर, परवाना तुमचा. रातवा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं हे एका अर्थी उत्तर आहे: आपलं काम नाही असं दोघांनाही मनापासून वाटतं.

पायवाट

हे पटलं. माझ्याकडेही दोन खाती येतात आणि दोघंही वायरिंगकडे बघत नाहीत, ते तिसऱ्याचं. बंबवाले काका, जोडलेल्या डिटेक्टरबद्दल तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय. अठरा खोल्या म्हणजे फार नाहीत.

बंबवाला

मिळाला. कॉरिडॉरचा आणि जिन्याचा कच्चा नकाशा काढून पाठवा, मापासकट. दार कुठे उघडायचं तेही एकदाच ठरवून टाकू.

सावळी

धाग्याचा दुसरा प्रश्न राहिला की. पाहुण्याने करायचं काय? मी हल्ली बुकिंगआधी फोन करून दोनच गोष्टी विचारते: दुसरा जिना आहे का आणि त्याचं दार आतून किल्लीशिवाय उघडतं का. पुष्कळदा समोरचा गोंधळतो. गोंधळला की मी दुसरीकडे फोन करते. आणि खोली शक्यतो खालच्या मजल्यांवर मागते, शिडी पोचेल अशी. तळमजला नको, तिथे चोर.

शेवटचा_डबा

रिव्ह्यू लिहा, फोटोसकट. सरकारी नोटीस आली तर मॅनेजर फाइल उघडतो. वाईट रिव्ह्यू आला तर मालक मॅनेजरला उठवतो.

रातवा

धागा वर काढतोय, तीन आठवड्यांनी.

अण्णांची अमेरिकेची गोष्ट डोक्यात बसली होती. मी एकटा दोन रात्रींचा पाहुणा, पण आमच्या कंपनीची माणसं त्या हॉटेलात दर महिन्याला असतात. साखळीचा फोटो ट्रॅव्हल डेस्कला पाठवला. त्यांनी हॉटेलला लिहिलं की प्रत्येक मजल्यावरच्या मागच्या दाराचा फोटो येईपर्यंत बुकिंग थांबवतोय. मला हॉटेलकडून जे उत्तर आलं होतं ते "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" एवढंच. डेस्कला चार दिवसांत आठ फोटो आले. साखळ्या नाहीत. प्रत्येक दारावर नवी कोरी आडवी दांडी, दांडीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.

फक्त सहाव्या मजल्याच्या फोटोत दार उघडं आहे आणि पलीकडे जिन्याच्या वळणावर दोन गाद्या भिंतीला टेकवून उभ्या दिसतात.

मोरपीस

लिफ्टने आणल्या असतील, सर.

शेवटचा_डबा

गच्चीवर जागा नसणार. पाचव्या आणि सातव्याचे फोटो नीट बघा, फ्रेम जरा जास्तच जवळून घेतलीय का?

रातवा

बघितले. घेतलीय. डेस्कला परत लिहितोय, या वेळी जिन्यात उभं राहून व्हिडिओ मागवा म्हणून.